दोन डाव्या बाह्या

यमुनाबाई भोईर यांच्या ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर कायम एक सुई टोचलेली असते, दोरा ओवलेली. दोरा पांढरा, साधारण दोन विती, टोकाला गाठ मारलेली. बावीस वर्षं विंगेत उभं राहिलेल्या माणसाची ती खूण. नायिकेची चोळी ऐन प्रवेशात उसवली, राजाच्या अंगरख्याचा बंद तुटला, तर सुई हाताशी हवी. अंधारात ओवत बसायला कोणाला वेळ असतो? नाटक कंपनी बंद पडून पंचवीस वर्षं झाली. राजे गेले, नायिका आज्या झाल्या. सुई काही खांद्यावरून उतरली नाही.

जूचंद्रला त्या धाकट्या भावाच्या घरी राहतात. भावजय भागूबाई अधूनमधून टोकते, "वन्सं, लग्नाला जाताना तरी काढा ती. कोन गल्यात पडंल नि टोचंल."

"म्हणूनच कोणी पडत नाही," यमुनाबाई म्हणतात आणि सुई आणखी जरा घट्ट टोचून पायात चपला घालतात.

कारण दहाच्या ठोक्याला गोखिवऱ्याला पोचायचं असतं. तिथे छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांची एक रांग आहे. खाली प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनतात आणि वर, लोखंडी जिना चढून गेलं की यमुनाबाईंचा शिवणवर्ग. सहा मशिनं, कापायचं एक लांब टेबल, भिंतीवर मोठा आरसा आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे उघडणारी एक खिडकी. खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या टाचण्या बारीक थरथरतात. नव्या मुली पहिल्या दिवशी घाबरतात. चौथ्या दिवशी त्याच तालावर पायडल मारायला लागतात.

बाईंची शिकवण्याची रीत न्यारी. आधी सुई नाही, मशीन नाही. पहिल्या दिवशी सांगणं एवढंच : उद्या येताना घरातलं सगळ्यात जुनं कापड घेऊन या. मग मुली येतात कोणी आजोबांचा पंचा घेऊन, कोणी गादीची खोळ, कोणी आईचं फाटकं इरकली लुगडं. बाई सगळ्यांना चौकटींचा कागद आणि भिंग देतात आणि म्हणतात, "मोजा. किती धागे लाल, किती पांढरे, मग किती लाल. जसं आहे तसं कागदावर उतरवा, रंगासकट." मुलींना वाटतं ही शिक्षा आहे. आठवडाभराने त्यांच्या लक्षात येतं की कोणीतरी, कुठल्यातरी मागावर बसून, हे सगळं आधी डोक्यात मोजलं होतं. नक्षी काढणं म्हणजे मोजणं, हे त्यांच्या हाताला तिथे कळतं.

दुसरा धडा कापडाची उलटी-सुलटी बाजू ओळखण्याचा. तिसरा कापण्याचा. आणि कापण्यापाशी बाईंची एक परंपरा आहे. मुलीने आणलेल्या पहिल्या खऱ्या कापडावर पहिली कात्री बाईंची. त्या आपली काळी, जड, पितळी मळसूत्राची कात्री उचलतात, मोकळ्या हवेत दोनदा खचखच वाजवतात, मग कापडाला लावतात. "कात्रीला जागं करायचं असतं," असं त्या म्हणतात. हे त्यांना शिकवलं बॅप्टिस्ट मास्तरांनी. मास्तर वसईगावातले शिंपी, कंपनीच्या कपडेपटाचे प्रमुख. नाटकातल्या सगळ्यांचे पोशाख शिवणारं, सांभाळणारं, इस्त्री करून विंगेत हजर ठेवणारं खातं म्हणजे कपडेपट. एकविसाव्या वर्षी जूचंद्रच्या भातशेतीतून उठून यमुना त्या खात्यात बटणं लावायला गेली, तेव्हा गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

गेल्या वर्षीच्या तुकडीत चौदा मुली होत्या. त्यातल्या तिघींशी आपल्याला काम आहे.

दिपिका जूचंद्रचीच. तिथे रांगोळीचा वारसा घरोघरी, आणि हिच्या चिमटीतून तर रेघ अशी सुटायची की पट्टीनं आखावी. बोलायची कमी, बघायची जास्त. ऋतिका नव्या इमारतींतली, वडील मुंबईला बँकेत. तिला सगळ्याला इंग्रजी शब्द हवा असायचा आणि बाईंना ती एकटीच 'मॅडम' म्हणायची. तिसरी रोवेना लोपीस, गास गावची. घरची केळीची आणि भाजीची वाडी. दुसऱ्या दिवशी तिने जे कापड आणलं, ते पाहून बाईंनी चष्मा पुसला.

ते लाल चौकड्यांचं लुगडं होतं. गासच्या जुन्या ख्रिस्ती बायका नेसतात तसं, हातमागाचं. रोवेनाच्या आजीचं, नॅन्सीबाईंचं. लग्नात माहेरून मिळालेलं. त्यातल्या अर्ध्याच्या एकामागून एक पाच नातवंडांच्या झोळ्या झाल्या आणि उरलेलं अर्धं पेटीत पडून होतं. मधोमध एक ठिकाणी फाटलेलंही.

रोवेनाने धागे मोजले, चौकटी भरल्या. फक्त लाल रंग लावला तो गडद, पिकल्या बोरासारखा. बाईंनी कागद कापडाशेजारी धरला. कापड तर उन्हात वाळलेल्या मिरचीच्या रंगाचं.

"रंग खोटा लावलास," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, आतल्या बाजूने असाच आहे. बघा." तिने पदर उलटून दाखवला. खरंच होतं. नेसताना आत राहिलेली बाजू कधी उन्हात आलीच नव्हती.

"असू दे. लोक काही आतून बघत नाहीत," बाई म्हणाल्या आणि कागदावर लाल पेनाने फुली मारली. कपडेपटात आयुष्य गेलेल्या बाईचं ते उत्तर. दहाव्या रांगेतून जे दिसतं तेच कापड.

जानेवारीत नॅन्सीबाईंचा निरोप आला. लुगडं पेटीत ठेवून काय करायचं, त्याचं रोवेनासाठी एक जाकीट करा, पुऱ्या बाह्यांचं. पण पहिली कात्री बाईंची हवी, रोवेना सांगते ती रीत मोडू नका. कापड जेमतेम होतं. मागचा भाग सुद्धा दोन तुकड्यांत काढायचा, म्हणजे फाटकं मधे येणार नाही, असं सगळं गणित जमलं तेव्हा कापडाची चिंधीही शिल्लक राहत नव्हती. रोवेनाने महिनाभर खपून खाकी कागदाचे नमुने तयार केले. आणि एवढं मोलाचं कापड म्हणून ठरलं की पहिलीच नव्हे, सगळी कात्री बाईच चालवतील.

तो दिवस मुलींच्या चांगला लक्षात आहे. सगळ्या टेबलाभोवती गोळा झाल्या. एरवी कापड दुहेरी घडी करून कापतात. एकदा कात्री चालवली की डावी-उजवी दोन्ही बाजू आपोआप निघतात. पण जुनं लुगडं घडीवर सरकत होतं आणि चौकडी चौकडीला जुळायला हवी होती. म्हणून बाईंनी कापड एकेरी पसरलं. कात्री हवेत दोनदा वाजवली.

"मॅडम, ही कात्री किती जुनी?" ऋतिकाने विचारलं.

झालं. बाईंना कोणी कात्रीचं विचारावं आणि बाईंनी गप्प बसावं, असं घडलेलं नाही. त्या कापत राहिल्या आणि सांगत राहिल्या.

"ही बॅप्टिस्ट मास्तरांची. मला कशी मिळाली ऐका. आमच्या धंद्यात एक नेम होता. दुसऱ्याचं कापड आपल्या हातून वाया गेलं तर कात्री खाली ठेवायची, शेजारच्याच्या हातात द्यायची, पुन्हा उचलायची नाही. मास्तरांच्या हातून तीस वर्षांत सूतभर चुकलं नव्हतं. मी कंपनीत जाऊन नऊ वर्षं झालेली. नव्या नाटकाला राजाचा शेला करायचा होता. भरजरी कापड, मालकांनी स्वतः आणलेलं. मास्तरांनी कापलं आणि शेला निघाला हातभर आखूड." बाईंनी कात्री थांबवून हात पसरून तो हातभर दाखवला. मग पुन्हा कापू लागल्या. "सगळा कपडेपट बघतोय. चार पुरुष, मी एकटी बाई. मास्तरांनी कात्री पुसली आणि माझ्या हातात दिली. माझ्या. मी म्हटलं, मास्तर, पट्टी जोडून घेऊ. म्हणाले, तू जोड. पेटीत बघितलं तर नशीब असं, त्याच जरीची हातभर पट्टी पडलेली, मोजून ठेवल्यासारखी. वीस मिनिटांत जोडली. त्या प्रयोगाला राजा असा काही मिरवला त्या शेल्यात. पण मास्तरांनी पुन्हा कात्री धरली नाही. शेवटपर्यंत इस्त्री केली आणि माझ्या चुका काढल्या."

"आणि ते बाकीचे चार पुरुष?" रोवेनाने विचारलं.

"पोटात दुखलं त्यांच्या. पण नेम तो नेम. कोण बोलणार?"

मुली हसल्या. एकीचंही लक्ष टेबलाकडे नव्हतं. बाईंचं होतं, असं बाईंना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कच्चे टाके घालायला घेतले. डावी बाही डाव्या मुंढ्याला चोख बसली. उजवं अंग जोडायला घेतलं, तर मुंढा बाहेर यायच्या ऐवजी मधल्या शिवणीकडेच जाई. बाईंनी ते फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पुढचे दोन्ही भाग टेबलावर एकावर एक ठेवले. तंतोतंत जुळले. मागचेही दोन्ही तंतोतंत.

जुळायलाच नको होते. बाह्या काय, पुढचे भाग काय, चपलांसारखे असतात. एक डावा, एक उजवा, एकमेकाचं आरशातलं रूप. एकेरी कापडावर कापताना एक बाजू कापली की कागदी नमुना पालथा घालायचा असतो. शेल्याचा हातभर दाखवण्याच्या भरात बाईंनी तो पालथा घातला नव्हता. डाव्या अंगाचं सगळं दोनदा कापलं गेलं होतं, उजव्या अंगाचं काहीच नाही.

खालचं यंत्र चालूच होतं. टेबलावरच्या टाचण्या थरथरत होत्या.

"मॅडम, अनडू नाही ना करता येत," ऋतिका हळूच म्हणाली. तिला गंमत करायची नव्हती. तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

 रोवेनाने दोन्ही बाह्या उचलल्या, नीट घडी घातली आणि पुन्हा ठेवल्या. तिचं ते घडी घालणं बाईंना बघवेना.

बाईंनी कात्री घेतली. पदराने पाती पुसली. "दिपिका, इकडे ये. तू माझ्या शेजारी उभी आहेस. हात पुढे कर."

दिपिकाने हात मागे नेले. "मी नाही घेणार."

"नेम आहे बाळा. माझ्या हातून दुसऱ्याचं कापड वाया गेलं. अडुसष्ट वर्षांची झाले. कधीतरी हे यायचंच होतं."

"वाया गेलं तर ना," दिपिका म्हणाली.

ती टेबलापाशी आली. रांगोळी काढण्याआधी ती जमिनीकडे जशी वाकून बघायची, तशी त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिने दुसरी बाही उचलली आणि नुसती पालथी घातली. आतली बाजू वर.

डाव्या बाहीची उजवी बाही झाली.

"बाई, हे मागावर विणलेलं आहे," ती म्हणाली. "छापील नाही. ह्याला उलटं-सुलटं कुठे आहे? तुम्हीच शिकवलंत." आणि तिने पुढचा एक भाग पालथा घातला, मागचा एक पालथा घातला, चौकडीला चौकडी लावून पुरं जाकीट टेबलावर मांडलं.

 जुळलं तर होतं, पण रंगानं फुटलं होतं. डावं अंग वाळल्या मिरचीचं. उजवं अंग पिकल्या बोराचं. साठ वर्षं ज्या बाजूने सूर्य पाहिला नव्हता ती बाजू बरोब्बर पाठीच्या मधल्या शिवणीपर्यंत येऊन थांबली होती.

"एकदम डिझायनर," ऋतिका म्हणाली. "मुद्दाम केल्यासारखं."

"पण मुद्दाम केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "विंगेत असते तर चाललं असतं. हे नॅन्सीबाईंचं कापड आहे. वाया गेलं की नाही हे ना मी ठरवायचं, ना तू. ज्याचं कापड त्याने सांगायचं." मग त्यांनी विचारलं, "रोवेना, तुला शिवायचं आहे?"

रोवेनाने आपला चौकटींचा जुना कागद पिशवीतून काढला. त्यावर बाईंची लाल फुली होती. तिने तो उजव्या बाहीशेजारी ठेवला. रंगाला रंग मिळत होता.  बाईंनी पेन मागून घेतला आणि फुलीच्या शेजारी, जरा लाजत, बरोबरची खूण केली.

चार दिवसांत जाकीट शिवून झालं. शिवलं रोवेनाने, बाईंनी त्या दिवसांत कात्रीला हात लावला नाही, दोरासुद्धा दाताने तोडला. पाचव्या दिवशी कात्री फडक्यात गुंडाळून त्यांनी पिशवीत घातली. नॅन्सीबाई 'वाया गेलं' म्हणाल्या, तर ती तिथेच रोवेनाच्या हाती देऊन यायचं, आणि मग सोमवारपासून जूचंद्रला भागूबाईबरोबर तांदूळ निवडत बसायचं. ठरलं होतं त्यांचं. निघताना भागूबाईने विचारलं, "वन्सं, आज गप कशापायी?" तर बाईंनी खांद्यावरची सुई तेवढी चाचपली.

रोवेनाच्या स्कूटरवर मागे बसून त्या गासला गेल्या. वाडीतल्या पाटाला पाणी सोडलं होतं आणि केळीच्या रांगांमधून ओल्या मातीचा वास येत होता. घराच्या ओट्यावर नॅन्सीबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, कानात जुनी सोन्याची फुलं.

"आली का शिवणवाली," त्या म्हणाल्या. "बस. पानी पी. तुझ्यापायी ही पोर घरात कामाला हात लावीत नाय."

"पाणी मग पिते," यमुनाबाई म्हणाल्या. "आधी ऐका." आणि ओट्याच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही, आणि हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. बोलत बसले, नमुना पालथा घातला नाही, दोन डाव्या बाह्या कापल्या, मुलीने वाट काढली म्हणून हे असं दिसतं. आमच्यात नेम आहे. तुमचं कापड माझ्या हातून वाया गेलं असेल, तर ही कात्री मी खाली ठेवते.

त्यांनी कात्री फडक्यातून काढून ओट्यावर, शेंगांच्या सालींशेजारी ठेवली. रोवेनाने जाकीट आजीच्या मांडीवर ठेवलं.

नॅन्सीबाईंनी हात लुगड्याला पुसले. आधी डावी बाजू घेतली. ती ओळखीची होती. बोटं त्यावरून सरळ फिरली, घरच्या भिंतीवरून फिरावीत तशी. मग उजवी बाजू आली आणि बोटं थांबली. त्या उठल्या, अंगणात उजेडात गेल्या. जाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. रोवेना उठायला लागली, तर बाईंनी तिचा हात धरून बसवलं.

बऱ्याच वेळाने नॅन्सीबाई म्हणाल्या, "हा रंग कुठं होता?"

"आत," यमुनाबाई म्हणाल्या.

"फाटेस्तोवर मी हे नेसले. मला वाटलं, गेला तो रंग." त्या परत येऊन बसल्या. "आय माझी बाजारातून घेऊन आली तवा असाच होता. मी तिला म्हनले, एवढं लाल नको, लोक हसतील. ती म्हनली, नेस गं, उन्हानं आपसूक उतरतं." त्यांनी उजवी बाही मांडीवर पसरली. "उतरलंच. पन आय गेली तवापासनं मला तो लाल आठवायचा, नि डोल्यासमोर येत नसायचा."

 पाटाचं पाणी वाजत होतं.

मग नॅन्सीबाईंनी एकदम तक्रारीच्या सुरात विचारलं, "दुसरी बाजू पन अशीच का नाय केली?"

"केली असती तर दोन्ही बाह्या उजव्या झाल्या असत्या," यमुनाबाई म्हणाल्या. "आजी, खरं सांगा. वाया गेलं का?"

"वाया तर ते पेटीत चाललं होतं." त्यांनी पायाने कात्री बाजूला सारली. "आनी ही उचल इथनं. माझ्या घरात दोन हायेत, तिसरी काय करू? रोवे, चहा टाक. हिला पानी दे आधी, घसा सुकला असंल. एवढा वेळ गप्प बसायची सवय नाय दिसत."

यमुनाबाईंनी कात्री फडक्यात गुंडाळली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. नॅन्सीबाईंनी ते पाहिलं आणि सोललेले वाल ओंजळ ओंजळ करून त्यांच्या पिशवीत घालायला सुरुवात केली, पुरे म्हटलं तरी थांबेनात.

परतताना नाळ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं. स्कूटर बराच वेळ उभी होती. पिशवी मांडीवर, पिशवीत वाल आणि कात्री. सुटल्यासारखं हलकं हलकं वाटत असताना यमुनाबाईंना अचानक ती जरीची पट्टी आठवली.

तीस-पस्तीस वर्षं त्या ही गोष्ट सांगत आल्या होत्या. नशीब असं, त्याच जरीची हातभर पट्टी पेटीत पडलेली, मोजून ठेवल्यासारखी. प्रत्येक वेळी हेच शब्द, आणि प्रत्येक वेळी 'नशीब' म्हणताना हात कपाळाला. पण शेला आखूड निघाला हातभर आणि पट्टीही हातभर. तीस वर्षं सूतभर न चुकलेला माणूस. एका ताग्यातलं कापड. पट्टी काही आभाळातून पेटीत पडली नव्हती. ती आधी कापून, घडी घालून ठेवलेली होती.

आणि शेला वाया गेला असं म्हणालं तरी कोण होतं? मालक म्हणाले नव्हते. राजा मिरवला होता. नेमाप्रमाणे ज्याचं कापड त्याने सांगायचं. त्या दिवशी कोणी काही सांगायच्या आतच मास्तरांनी कात्री पुसली होती.

नुसती दिली असती तर? चार पुरुषांच्या देखत, सगळ्यात धाकट्या, एकट्या बाईच्या हातात प्रमुखाने आपली कात्री दिली असती, तर दुसऱ्या दिवशी कंपनीत आग लागली असती. तिनेही घेतली नसती. मास्तर, मी कोण, म्हणून पायाशी ठेवली असती. पण नेमापुढे कोण बोलणार? मास्तरांनी आपल्या नावावर एक चूक लावून घेतली आणि तिला आयुष्यभराची भाकरी दिली. वर उरलेली वर्षं इस्त्री करत, तिच्या चुका काढत बसले. एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

"बाई, रडताय?" रोवेनाने आरशातून विचारलं.

"धूळ केवढी आहे," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "रोवेना, तुमच्याकडे गेलेल्या माणसासाठी मिस्सा सांगतात ना? बॅप्टिस्ट मास्तरांच्या नावाने एक सांगायचा आहे. कसा सांगायचा ते मला विचारून दे."

"कधीचा सांगू?"

"लवकरात लवकरचा. आधीच फार उशीर झाला आहे."

त्या रविवारी पांढरी साडी नेसून यमुनाबाई गासच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे नॅन्सीबाई कोपराने सांगत होत्या. रोवेनाने जाकीट घातलं होतं. डाव्या बाजूने बघितलं की फिकं दिसायचं, आणि उजव्या बाजूने गडद. बायका माना वळवून बघत होत्या. नॅन्सीबाई प्रत्येकीला कुजबुजून सांगत होत्या की उजवीकडचा रंग खरा.

सोमवारी दहाच्या ठोक्याला बाई जिना चढून आल्या. ऋतिकाच्या कापडाची पाळी होती; आईच्या साडीचा कुर्ता. कापड टेबलावर एकेरी पसरलेलं, नमुना टाचलेला. मुली गोळा झाल्या. बाईंनी कात्री उचलली, मोकळ्या हवेत दोनदा खचखच वाजवली. मग ती उलटी धरून, मूठ पुढे करून दिपिकासमोर धरली.

दिपिका दचकली. "बाई, आता काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. म्हणून तर देते."

"पण नेम—"

"नेम मी बदलला. मला चूक करून द्यायची नाही, आणि तुला वाट बघायला लावायचं नाही. घे. जड आहे, मनगट मोकळं ठेव."

दिपिकाने कात्री घेतली. तिचा अंगठा मुठीच्या त्या गुळगुळीत खोलगट जागी गेला, जी आधी दोन अंगठ्यांनी झिजवली होती. तिने डावी बाजू कापली आणि थांबली. नमुना सोडवला, पालथा घातला, पुन्हा टाचला. बाईंकडे बघितलं.

बाईंनी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली होती. "आणि एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "कापताना बोलायचं नाही. गोष्ट मी सांगते. ऋतिका, विचार बघू मला, ही कात्री किती जुनी?"

"मॅडम, ती ऐकली ना आम्ही."

"नाही," यमुनाबाई म्हणाल्या, "ती मलाही नीट माहीत नव्हती," आणि शेल्यापासून सुरुवात केली.